हवेतला अ

"फॉर्मवर उजवा हात लिहिलाय, मास्तर. थरथरतोय तर डावा," वर्ग घेणारी मुलगी म्हणाली.

टेलरमास्तरांनी खाली पाहिलं. मांडीवरचा डावा हात थरथरत होता. "आरशासमोर उभं राहण्यात जन्म गेला," ते म्हणाले. "डावं-उजवं उलटंच होतं."

खोलीत हशा पिकला. कंपवाताच्या रुग्णांचा हा योगवर्ग वाचनालयाच्या माडीवर भरायचा. बारा खुर्च्या, जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्ट्या, दारापाशी एक बाक. शिकवणाऱ्या मुलीला सगळे ताई म्हणत, अगदी ऐंशीच्या आजीसुद्धा. मास्तरांना मात्र ते जड जायचं. तिचा पहिलीचा गणवेश त्यांनीच शिवला होता. आणि तिचा हात आपल्या हातात धरून पहिलं अक्षर गिरवून घेतलं होतं त्यांच्या बायकोनं, शाळेतल्या बाईंनी. त्या भागातली निम्मी माणसं बाईंच्या हाताखालून गेली होती.

"बाई कशा आहेत?" ताईनं विचारलं.

"घरीच असते."

"शाळेत येणार ना पण? नव्या वर्गाच्या फळ्यावर पहिलं अक्षर त्यांच्याच हातून काढायचं ठरलंय."

"नाही म्हणते. वर्ष झालं, दाराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. बाहेर पडलं की तुमच्यासारखी पोरं भेटतात. तेच नको म्हणते."

ताईला थोडं लागलं. मग वाटलं, बरोबरच आहे. भेटेल तो मास्तरांच्या आजाराची चौकशी करणार, आणि बाई किती जणांना सांगत बसणार?

"तुम्ही नीट चालायला लागलात की त्याही बाहेर पडतील," ती म्हणाली.

"तेवढ्यासाठीच तर येतोय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी खिशातून वही काढली.

प्रत्येक आसन ते वहीत उतरवून घ्यायचे. गिऱ्हाइकाची मापं लिहावीत तसं, बाजूला माणसाचं चित्र काढून. वर्गात सगळ्यांत जास्त प्रश्नही त्यांचेच.

"दारातच पाय चिकटतात, तेव्हा काय करायचं?"

"थांबायचं. श्वास सोडायचा. समोर एक रेघ आहे असं समजायचं आणि मोजत ती ओलांडायची."

"आधार मागून द्यायचा की बाजूनं?"

"बाजूनं. पण ओढायचं नाही. बाईंना सांगा हं."

"सांगतो."

"औषध वेळेवर होतं ना? आणि बटणं?"

"औषध मिनिटभरसुद्धा चुकत नाही. बटणं काढून सगळ्या कपड्यांना दाबून लागणारे चाप लावलेत. वरून नुसती दिखाऊ बटणं शिवलीत, कुणाला कळत नाही."

बसवर तीस वर्षं काढलेले ड्रायव्हरकाका शेजारच्या खुर्चीत असत. ते मास्तरांना सोडत नसत. "तुमचा हात फार शहाणा आहे, मास्तर. ताईंची पाठ वळली की गप्प, त्या बघायला लागल्या की सुरू."

"गिऱ्हाईक दिसल्याशिवाय मशीन चालवत नाही मी," मास्तर म्हणाले.

सहाव्या आठवड्यात आजींचा पाय ताणताना कापडी पट्टा फाटला. मास्तरांनी कॉलरमागे टोचलेली सुई काढली, दोऱ्याचं टोक ओठांत धरलं आणि एका दमात ओवलं. पाच मिनिटांत पट्टा शिवून तयार.

ड्रायव्हरकाका आपल्या हाताकडे बघत बसले. "मला अजून चमचा धड धरता येत नाही. तुम्ही घरी किती वेळ करता हे सगळं?"

"सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा. ती रागावते, पण करतो आम्ही."

त्या दिवशी ताईनं हजेरीपुस्तकात मास्तरांच्या नावापुढे 'उत्तम सुधारणा' असं लिहिलं. घरी जाताना ती जिना दोन-दोन पायऱ्या उतरली.

वर्गाचा शेवट नेहमी एकाच गोष्टीनं व्हायचा. या आजारात हालचाली आखूड होतात, अक्षर मुंगीएवढं होत जातं. म्हणून सगळ्यांनी हात उचलून हवेत एक अ काढायचा. "मोठा. अजून मोठा," ताई म्हणायची. "खांद्यापासून हात फिरू दे. बाईंनी मला असंच शिकवलंय."

मास्तर हे वाक्यही लिहून घ्यायचे.

शेवटच्या वर्गाला घरचं माणूस आणायची मुभा होती. "बाईंना आणाल?" ताईनं विचारलं.

"रोज विचारतोय. काल नाही म्हणाली नाही."

त्या दिवशी वर्ग सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. जिन्यावर पावलं वाजली आणि दारापाशी थांबली. मास्तर आणि बाई हातात हात घालून उभे होते. मास्तरांचा डावा हात, बाईंचा उजवा. दोन्ही हात थरथरत होते. "रेघ आहे," मास्तर हळूच म्हणाले. "एक, दोन." दोघं आत आले.

ताई लगबगीनं पुढे झाली. दहा आठवड्यांत हा माणूस कुठून कुठे आला होता. तिनं बाईंना मास्तरांच्या डाव्या बाजूची खुर्ची दिली. हात तसेच एकमेकांत, थरथरत.

शेवटी ती म्हणाली, "चला, अ काढायचा. मास्तर, आता हात सोडायचा हं."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बाई ताईकडे पाहत होत्या. पूर्वी वर्गावर नजर फिरवायच्या तशा.

"पटावर अजून एक नाव घेशील का गं?" त्यांनी विचारलं. आणि आपला उजवा हात सोडवून घेतला. तो थरथरतच वर गेला आणि हवेत हळूहळू एक अ उमटू लागला. मोठा, अजून मोठा, खांद्यापासून.

मास्तरांचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते. मिटून ठेवलेल्या कात्रीसारखे, स्वस्थ.