बरगड्यांचा श्वास

म्हाताऱ्या कुत्र्याला दम लागायचा. छातीचे स्नायू बरगड्या ओढून उचलायचे, तेव्हा कुठे त्याच्या आत हवा जायची. तरी कुणी हात पुढे केला की तो डोकं तळहाताखाली सारायचा.

"डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. शेवटपर्यंत मी जवळ होतो," नवरा म्हणाला, आणि ती त्याच्याच गळ्यात पडून रडली.

पुढे डॉक्टर बाजारात भेटले. "कुत्र्याला परत आणलंच नाहीत तुम्ही. बरा आहे ना?"

ती तडक घरी आली. नवरा सोफ्यावर झोपला होता. जाब विचारायला ती वाकली आणि थबकली. त्याचं पोट हलत नव्हतं. बरगड्यांमधलं मांस खोल आत जात होतं, बरगड्या ओढल्यासारख्या वर येत होत्या.

"कुठे सोडलंस त्याला?" तिने हात पुढे केला.

डोळे न उघडता त्याने डोकं तिच्या तळहाताखाली सारलं.