डाव्या हाताची रीत

शाळेच्या दारातच साक्षीचे आजोबा थबकले. "मी मांगं बसतो पोरी. समोर सगळे हात मिळवतेत."

"समोरच बसा आबाजी. अन् माहं भाषण आयका."

बेला गावच्या शाळेत स्काउट-गाइडचा कार्यक्रम होता. सरांनी दिलेला विषय सोडून साक्षी पोलंडवर बोलली. शंभर वर्षांपूर्वी तिथली पोरं स्काउट कशी झाली, दुसऱ्या महायुद्धात तिथल्या स्काउटांनी घरोघरी टपाल कसं पोहोचवलं, ते सगळं सांगून शेवटी म्हणाली, "स्काउट पोलंडचा असो की बेल्याचा, तो डाव्या हातानंच हात मिळवतो. आज आपण सगळे तसंच करू."

पुढच्या रांगेत गोंधळ उडाला. डावा हात द्यायचा म्हणजे समोरच्याचा अपमानच. सरपंचांनी दोनदा उजवा पुढं केला अन् दोनदा मागं घेतला. डाव्यातला मोबाईल कुठं ठेवावा, तेही त्यांना सुचेना.

तेवढ्यात रिकामी उजवी बाही खिशात खोचलेले आबाजी त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले.

"आना इकडं सरपंच, मी शिकवतो तुमाले. कापसाच्या जिनातल्या मशीनीत हात गेला तवापासून अठरा वर्सं सराव करून राह्यलो."