तेरावं आधी, बारसं नंतर
उधन्यातल्या आमच्या मंडळाच्या फळ्यावर गजेंद्रभाऊ जुन्या सिनेमांची परीक्षणं लिहायचे. सिनेमा घरीच व्हीसीआरवर बघायचे आणि लिहिताना कुणालाही सोडायचे नाहीत. मागच्या रविवारी मात्र त्यांनी तोंडभर स्तुती केली: "नायकाचं तेरावं आधी आणि बारसं नंतर दाखवणारा असा धाडसी सिनेमा होणे नाही." आज शेजारच्या मंगलाबाई त्याच सिनेमाच्या दोन्ही कॅसेटी घेऊन आल्या. "भाऊ, तुमचं वाचून आम्हीबी हाच आणला. दुकानवाला म्हणे, आधी एक नंबरची कॅसेट लावा. मी म्हटलं, आमच्या भाऊंनी आधी तेरावं पाहिलंय, तुला जास्त समजतं का?" कॅसेटींवरचे आकडे गजेंद्रभाऊंनी प्रथमच वाचले. ओला फडका घेऊन ते फळा पुसायला निघाले. तिथे वाचणाऱ्यांची गर्दी होती. "सरका, भाऊ आले," कुणीतरी म्हणालं. गजेंद्रभाऊंनी फडका खिशात कोंबला आणि सदरा भिजेपर्यंत मान खाली घालून नमस्कार घेत राहिले.