अंगठा

कामाचा नमुना बदलला की कारखान्यातलं यंत्र स्वतःची रचना नव्याने आखायचं. आज त्याने आराखड्यात सहाचे आठ फिरते स्पिंडल केले आणि ऑपरेटर कुसुमताईंची उभं राहायची जागाच काढून टाकली.

"कुसुमताई, मंजुरीचा अंगठा लावा," मॅनेजर म्हणाले.

कुसुमताईंनी यंत्रावर तळहात टेकला. "तिसऱ्या स्पिंडलचं बेअरिंग कुरकुरतंय, साहेब. उद्यापासून हे कोण सांगणार?"

"सेन्सर आहेत की!"

"मग सेन्सरचाच अंगठा घ्या."

त्यांनी अंगठा मुठीत दाबून धरला. माणसाच्या मंजुरीवाचून यंत्र हलेना. दहा मिनिटांनी पडद्यावर नवा आराखडा उमटला: सात स्पिंडल आणि एका माणसापुरती जागा.

मॅनेजरांनी सुस्कारा सोडला. "आता तरी लावा."

"दोघांची जागा हवी," कुसुमताई म्हणाल्या. "नाहीतर मी शिकवू कुणाला?"

मूठ मिटलेलीच होती.