आधी कोण चढायचं

मनोरीच्या खाडीत कयाक शिकवणाऱ्या डेल्रॉयने दोघांनी बसायची, पायडल मारून चालवायची ती छोटी होडी मुद्दाम उलटवली आणि अनुपमा पाण्यात पडली. तिला परत वर चढायला शिकायचं होतं. दोन महिन्यांपूर्वी इथेच बाबा आणि सुबोधकाका अशाच एका कयाकमधून उलटले होते. काका तेवढा परत आला. "दादाला चढताच आलं नाही. मी पायडल मारत सुटलो, मदत आणायला," असं तो तेराव्याला रडत सांगत होता. अनुपमा तेव्हा उपकार मानून त्याच्या पाया पडली होती.

डेल्रॉयने कयाक सरळ केली. "दोघं असले की कच्चा असेल तो आधी चढणार. दुसऱ्याने पलीकडून धरून ठेवायची, नाहीतर ती परत उलटते. मग वरच्याने खालच्याला वर घ्यायचं. तोवर पायडलला पाय लावायचा नाही."

"आणि लावला तर?"

"खालच्याच्या हातातून ती सुटणार, मॅडम. ओहोटी असली तर संपलंच."

काठावर काका टॉवेल घेऊन उभा होता. "जमलं का गं चढायला?"

"जमलं. पलीकडून डेल्रॉयने धरली होती." तिने टॉवेल घेतला नाही. "तुझ्या वेळी कोणी धरली होती, काका?"