खिंडीतले कोट

“दुभाषी विचारतेय, साक्षीदाराला पाणी प्यायला थोडा वेळ मिळेल का?” फोनवरचा आवाज म्हणाला.

“हो, नो वरीज,” अस्मिता म्हणाली आणि तिनेही लॅपटॉपशेजारचा गार झालेला चहा उचलला.

दुभाषी बाई कडक शिस्तीची होती. साक्षीदार जे बोलेल ते त्याच्याच तोंडून आल्यासारखं, ‘मी’ म्हणत इंग्रजीत सांगायचं. स्वतःचं काही असेल तर ‘दुभाषी विचारतेय’ म्हणायचं. हा त्या कामाचा रिवाजच आहे. तिचं नाव अस्मिताला ठाऊक नव्हतं. ते विचारत नाहीत. साक्षीदार मरियमच्या डोंगराळ मुलखातली बोली जाणणारी अख्ख्या सिडनीत ही एकटी मिळाली होती, तीही फोनवर. लॉकडाऊनमध्ये सगळं जग फोनवरच आलं होतं; तिघी तीन घरांतून एकाच कॉलवर होत्या.

क्वेकर्स हिल या उपनगरातल्या अस्मिताच्या घरात जेवणाच्या टेबलाचं ऑफिस झालं होतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचा नवरा सलिल मीटिंगमध्ये होता. हेडफोन बाजूला सरकवून त्याने हळूच विचारलं, “आज तरी काही हाती लागेल का गं?”

“नाही लागलं तर फाईल बंद,” फोन म्यूट करून ती म्हणाली. “आणि मग दाऊदवरचा डाग कायमचा.”

अस्मिता वकील. तिची छोटी संस्था एका जुन्या हल्ल्याचा तपास करत होती. युद्धातून जीव वाचवून निघालेले निर्वासित खिंडीतून सरहद्दीकडे चालले होते. डोंगरातले बंडखोर त्यांचेच लोक. आधीचे जथे त्यांनी बिनबोभाट जाऊ दिले होते. या जथ्यावर मात्र त्यांनी गोळ्या झाडल्या. का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. वाचलेले पुढे सिडनीत आले आणि त्यांनी आपापसात ठरवून टाकलं, की वाटाड्या दाऊदने आपल्याला विकलं.

तो दाऊद म्हणजे मरियमचा नवरा. या हिवाळ्यात तो कोविडने गेला. अंत्यविधीला दहा माणसांची परवानगी होती, पण दहासुद्धा आली नाहीत. मरियम आता मुलीकडे राहायची. तिचं मागणं एकच होतं: त्याच्या नावावरचा डाग पुसून द्या. अस्मिताला त्या बाईसाठी फार वाईट वाटायचं.

साक्ष पुन्हा सुरू झाली. आधी मरियमचा थकलेला आवाज, मग दुभाषीचा.

“आम्ही पहाटे खिंड चढायला लागलो. थंडीने मुलं रडत होती. वाटेत सैन्याने सोडून दिलेली चौकी लागली. आत कोट होते. दाऊद म्हणाला, आधी मुलांना घाला.”

लाईनवर टक् असा आवाज झाला.

“हॅलो? आवाज येतोय ना?” अस्मिताने विचारलं.

“येतोय,” दुभाषी म्हणाली.

मग बराच वेळ कुणी बोललं नाही. मरियम रडत असावी, असं वाटून अस्मिताने घाई केली नाही.

“सैन्याचे कोट होते ते,” शेवटी दुभाषी म्हणाली. मरियमचा आवाज आता ऐकूच येत नव्हता. पुटपुटत असेल बिचारी.

“पहाऱ्यावरच्या बंडखोरांना काय दिसलं असेल?”

“कोट. धुक्यात माणसं दिसत नाहीत. काही कोट जमिनीवरून फरफटत होते. हे कसले सैनिक, असं मनात यायला हवं होतं. आलंही. पण त्याच आठवड्यात सैन्याने गाव जाळलं होतं.”

अस्मिताची बोटं भराभर टाईप करू लागली. “दाऊदने बंडखोरांना काही कळवलं होतं?”

“नाही. दाऊदला तिथे कुणी ओळखतही नव्हतं. त्याने कुणाला विकलं नाही.”

“हे तुम्हाला नक्की कधी कळलं?”

“गोळीबार थांबल्यावर. कोट उघडून पाहिले तेव्हा. आत मुलं होती.”

अस्मिताचे डोळे भरून आले. आवाज सांभाळत ती म्हणाली, “इतकी वर्षं हे कुणाला का सांगितलं नाहीत?”

“ज्यांना सांगायचं, त्यांच्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती,” दुभाषी म्हणाली. तिचाही आवाज आता कापत होता. “दाऊदला दोष नको. हे असंच्या असं लिहा.”

“लिहिते. दुभाषीला स्वतःचं काही सांगायचंय?”

“नाही. सांगून झालं.”

फोन बंद झाला. अस्मिता खुर्चीत मागे टेकली. सलिलने मान वर केली.

“सापडलं,” ती म्हणाली. “ती बाई एवढं मनात ठेवून जगत होती, सलिल.”

तो काही बोलणार, तेवढ्यात तिचा फोन वाजला. मरियमची मुलगी होती.

“सॉरी, आईच्या फोनची बॅटरी मघाशीच गेली, चार्जर सापडत नव्हता. चौकीत मुलांना कोट घातले, तिथपर्यंत सांगून झालं होतं म्हणे. पुढचं आता सांगू का, असं विचारतेय.”