नमुन्याचा पापुद्रा

थोरलीने अभ्रकाचा पापुद्रा खिडकीच्या उजेडासमोर धरला, क्षणभर पाहिला आणि डावीकडच्या पेटीत टाकला.

"हाही धूसर."

डावी पेटी दुय्यम मालाची. गेले दोन महिने तीच भरत होती. उजव्या, अव्वल मालाच्या पेटीचा तळ काही झाकला जात नव्हता. थोरली शेडमधली जुनी पारखी. तिने धूसर म्हटले की ते धूसर. तिच्याच शब्दावर आज नव्या खाणीला कुलूप लागायचे होते. त्या खाणीत चाळीस माणसे होती, त्यांत तिचा दीर होता. आणि त्याची बायको, धाकटी, तिच्या शेजारीच बसून सुरीने थर सोडवीत होती.

शेडमध्ये अभ्रकाची धूळ तरंगत होती. ती बायकांच्या भुवयांवर आणि मनगटांवर चांदीसारखी बसे. थोरलीला हल्ली सारेच तसे दिसे. माणसांच्या कडा उजेडात विरघळत. समोरची टेकडी पाण्याखाली असल्यासारखी हले. तिला ते आवडे. इतकी वर्षे या कामात गेल्यावर जगावरही थोडे अभ्रक चढायचेच, असे तिने मनाशी धरले होते.

मुकादम कुलूप घेऊन आत आला. त्याच्यामागे मालकांनी पाठवलेल्या भूशास्त्रज्ञ बाई होत्या. त्या नुकत्याच खाणीतून वर आल्या होत्या. गुडघे पांढऱ्या मातीने माखले होते.

"खाली सगळं उत्तम आहे, मावशी," त्या म्हणाल्या. "फेल्डस्पार खनिजाचे ठोकळे कपाटाएवढे. मधोमध गारगोटी, काचेसारखी. हा पेग्मटाइट खडक. फार खोलवर, फार सावकाश निवलेला. म्हणून त्यात जे वाढलं ते मोठं आणि नितळ वाढलं. मग एकट्या अभ्रकाचंच काय बिनसलं?"

"खडकाचं तुम्ही सांगा, बाई. अभ्रकाचं मला सांगू द्या."

"यांच्या शब्दाबाहेर आम्ही नाही," मुकादम हसला. "यांनी अंधारलं म्हटलं, तर भर दुपारी कंदील लावू."

बाईंनी डाव्या पेटीतला एक पापुद्रा उचलून उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. मग तो धाकटीकडे दिला. धाकटीने मान खाली घातली. पापुद्र्याकडे पाहिलेही नाही.

थोरलीला राग आला. तिने खणातून पत्र्याची डबी काढली. डबीत मऊ फडक्यात शेडचा नमुना होता: तिच्या सासूने सोडवलेला पापुद्रा, पाण्यासारखा स्वच्छ. तो समोर धरूनच तिने शेडमधल्या प्रत्येकीची नजर घडवली होती. दोन वर्षांत मात्र तिला स्वतःला त्याची गरज पडली नव्हती.

"हे बघा," ती म्हणाली. "नितळ म्हणजे असं असतं."

तिने नमुना खिडकीसमोर धरला.

नमुन्यात धुके होते.

तिने तो पदराने पुसला, पुन्हा धरला. दुसऱ्या डोळ्यासमोर नेला. धुके हलले नाही.

"दिसतो ना फरक?" मुकादमाने विचारले.

एक 'हो' पुरे होते. थोरलीने नमुना फडक्यात गुंडाळला. घडी नीट बसायला वेळ लागला.

"कुलूप परत न्या, मुकादम," ती म्हणाली. "खाण चांगली आहे. माझे डोळे गेलेत."

बाईंनी हातातली वही हळूच मिटली. थोरली धाकटीकडे वळली.

"तुला माहीत होतं."

"हो."

"अगं, त्या खाणीत तुझा नवरा आहे. दोन महिने तोंड शिवलं होतंस?"

"सुरी धरायला तुम्ही शिकवलंत, जाऊबाई," धाकटी पुटपुटली. "तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगायचं?"

"वेडी आहेस. ऊठ."

थोरलीने आपली खिडकीजवळची जागा तिला दिली आणि तिच्या पाटावर स्वतः बसली. सुरी घेतली. डाव्या पेटीशेजारी पडलेला अभ्रकाचा जाड गठ्ठा मांडीवर ओढला आणि डोळे मिटले. अंगठा कडेवरून फिरला, थांबला. सुरी शिरली. पापुद्रा श्वास सोडावा तसा सुटून आला.

"धर. काय दिसतं?"

"टेकडी."

"नुसती?"

"टेकडीवरचं झाड."

"आणि झाडावर?"

धाकटीने पापुद्रा डोळ्यांजवळ नेला. "एक पाखरू. अंग फुलवून बसलंय."

थोरलीच्या अंगठ्याला पुढच्या थराची फट सापडली होती.

"उजवीकडे," ती म्हणाली.